नियमाचा भार कुणाच्या खांद्यावर?

(भाईंदर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या या व्यासपीठाकडे जरा नीट पाहा. एक कॅथलिक फादर आणि एक प्रॉटेस्टंट पास्टर शेजारी-शेजारी बसलेत, आणि सुरुवातीची प्रार्थना दोघांनी मिळून केली. आपल्या आजोबांच्या काळात हे जमलं नसतं. कॅथलिक चर्चचा १९१७ चा कायदा इतर पंथांच्या उपासनेत भाग घ्यायला कॅथलिकांना मनाई करत होता. फादर, तेव्हा तुमची आज रात्रीच बिशप हाउसला तक्रार गेली असती! (हशा) पुढे १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेनं एकत्र प्रार्थनेला वाट करून दिली.

मला विचारायचं आहे ते एवढंच. या मधल्या काळात बायबल बदललं का? एखादी ओळ तरी? नाही ना? मग काल जे पाप होतं ते आज चांगलं कसं झालं? आणि काल ते खरंच पाप होतं, की आपणच तसं ठरवून टाकलं होतं?

आजचा विषय हाच आहे. देवाचं वचन कुठं संपतं आणि माणसाचे नियम कुठं सुरू होतात? मी चार मुद्दे मांडणार आहे. पहिला, येशूचा राग नेमका कशावर होता. दुसरा, चर्चचे नियम कशासाठी असतात आणि ते कधी शिळे होतात. तिसरा, ‘आम्ही फक्त बायबल मानतो’ असं म्हणणाऱ्यांचं काय. आणि चौथा, आपल्या स्वतःच्या घरातल्या चालीरीती. चौथा मुद्दा ऐकून काही जण माझ्यावर रागावतील. चहापाणी त्यानंतर आहे, म्हणून उठून जाणार नाहीत अशी आशा आहे.

पहिला मुद्दा. मार्कच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय तुमच्या ओळखीचा आहे. यरुशलेमहून शास्त्री आणि परुशी येतात. शिष्य हात न धुता जेवताहेत हे त्यांच्या डोळ्यांत खुपतं. हे हात धुणं आजच्या स्वच्छतेचं नव्हे, ते सोवळ्याचं. आपल्या महाराष्ट्रात ते कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पूर्वजांची रीत मोडली, एवढाच त्यांचा आरोप.

येशू काय करतो? हात धुण्यावर वाद घालत बसत नाही. तो भलतंच उदाहरण काढतो, कुर्बानाचं. त्या काळी एखाद्यानं आपली मालमत्ता ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेली असं एकदा जाहीर केलं, की तिच्यातून आईबापाला काही द्यायची त्याची सुटका होई. आता बघा हं, नियम किती धार्मिक दिसतो! देवालाच तर दिलं. कोण बोट दाखवणार? मुलगा देवभक्त ठरतो, आणि म्हातारी आई उपाशी राहते. दहा आज्ञांपैकी एक, आईबापाचा मान राख, ती या पळवाटेनं मोडली जाते, तीही देवाचंच नाव घेऊन.

आपण हा उतारा वाचतो आणि म्हणतो, येशू परंपरेच्या विरोधात होता. खरंच होता का? लूक सांगतो की शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जायची त्याची रीतच होती. वल्हांडणाचं भोजन त्यानं रीतीप्रमाणे केलं. कुष्ठरोगी बरा झाला तेव्हा याजकाकडे जाऊन रीतसर अर्पण कर, असं त्याला सांगितलं. रीतीभातींचं त्याला वावडं नव्हतं. त्याचा राग एका ठिकाणी उफाळतो. नियमाच्या आडोशानं धडधाकट माणूस दुबळ्याची जबाबदारी झटकतो, तिथं. हात वाळलेल्या माणसाला शब्बाथाला बरं करू नका म्हणतात, तिथं. ‘हे पुस्तकात लिहिलंय का?’ एवढंच विचारून तो थांबत नाही. या नियमानं उपाशी कोण राहिलं, ते तो विचारतो. हा प्रश्न लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या व्याख्यानाला तो पुरणार आहे.

आता दुसरा मुद्दा, चर्चचे नियम.

नियम नकोतच, असं म्हणणं सोपं आहे. पण लग्नाच्या पुकाराचंच घ्या. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारली जातात, हरकत असेल त्यानं पुढं यावं म्हणून. बायबलमध्ये हे कुठं आहे? कुठंही नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं पुकार सक्तीचे केले आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं ठरवलं की धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर झालेलं लग्नच खरं. का? कारण त्याआधी युरोपात चोरून लग्नं होत. चार भिंतींत शपथा व्हायच्या, आणि पुढं पुरुष म्हणायचा, मी हिला ओळखत नाही. बाई कुठं दाद मागणार? तिच्या बाजूनं साक्षीदार उभा करणारा हा नियम माणसांनी केला, आणि चांगला केला.

म्हणजे माणसानं केला म्हणून नियम वाईट ठरत नाही. मी कोळीवाड्यातल्या लोकांशी बोलतोय तर त्यांच्याच भाषेत सांगतो. नियम हा होडीचा नांगर आहे. वाऱ्यात तो टाकावा लागतो आणि निघायच्या वेळी उचलावा लागतो. नांगर उचलायचं नाव काढलं की ‘धर्म बुडाला’ म्हणून ओरडणारे प्रत्येक पिढीत भेटतात.

शुक्रवारचं बघा. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतील. ज्या युरोपात हा नियम रुजला तिथं मांस म्हणजे श्रीमंती, मेजवानी. ते सोडणं म्हणजे त्याग. आता हाच नियम उत्तनला आणा! जिथं बांबूंवर बोंबील वाळताहेत, जिथं रोजच्या ताटात मासे, तिथं शुक्रवारी मांस सोडून मासे खाणं हा उपवास? उपवासकाळातल्या शुक्रवारी पापलेटचं कालवण आणि तळलेली तुकडी समोर घेऊन बसलेला माणूस सगळे नियम पाळतोय. शेजारच्या झोपडीत मजुराच्या पोरानं काल उरलेला मटणाचा रस्सा खाल्ला, तर त्यानं नियम मोडला! यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव उपवासाबद्दल काय सांगतो? अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या. शुक्रवारी पापलेटवर वाचलेले पैसे कुणाच्या घरी पोचले, तर तो उपवास. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी या शुक्रवारांबद्दल त्या त्या देशाच्या बिशपांना पर्याय ठरवायची मोकळीक दिली. रोमला कळलं, आपल्याला ताट समोर असून कळत नाही.

रविवारचंही तसंच. डोल जाळ्याचा धंदा पाण्याच्या ओढीवर चालतो. उधाणाला जाळी लागतात, भांगाला होड्या कडेला. उधाण काही रविवार टाळून येत नाही. मग रविवारची मिस्सा चुकली की आमच्या आजोबांना कबुलीत ते सांगावं लागे. १९८३ च्या कायद्यात शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते. समुद्र तोच, प्रभुवारही तोच. कुणीतरी एकदाचं खलाशाच्या बाजूनं पाहिलं, इतकंच.

पण चर्चनं नेहमी असं पाहिलं का? इतिहासात एक जोडी आहे, ती शेजारी-शेजारी ठेवा. १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. रोमन लिपीत, पण मराठीत, आणि ओवीत. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत दहा हजारांहून अधिक ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ओवी त्यांच्या ओठांवर होती. स्टीफन्सनं ती मोडली नाही. तिच्यातच शास्त्र ओतलं. इथं माणसांची परंपरा शास्त्राच्या सेवेला लागली.

आणि १७३६? बरोबर एकशे वीस वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशननं फर्मान काढलं. ख्रिस्ती लोकांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी. लग्नात ओव्या गाऊ नयेत. हळद लावू नये. विडे वाटू नयेत. दारात तुळस नको. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. इतकंच काय, मीठ न घालता भात शिजवू नये! मित्रहो, भातात मीठ आहे की नाही हे बघायला धर्माचं न्यायालय बसलं. शास्त्रात याला आधार कुठला? काहीच नाही. ज्या ओवीत स्टीफन्सनं ख्रिस्त गायला, तीच ओवी लग्नघरात गुन्हा ठरली. पुढच्याच वर्षी साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये वसईही पडली, आणि या किनाऱ्यावरचं पोर्तुगीज राज्य संपलं. लुगडं राहिलं, हळद राहिली, गाणी राहिली. आणि लोक ख्रिस्तीही राहिले! म्हणजे श्रद्धा चोळीत नव्हती आणि चोळी काढण्यातही नव्हती.

आता एक गंभीर गोष्ट. १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. पवित्र केलेल्या जमिनीत जागा नाही, मिस्सा नाही. १९८३ च्या कायद्यातून ती बंदी गेली. आज फादर येतात, प्रार्थना होते, घरच्यांचं सांत्वन होतं. चांगलं झालं. पण कल्पना करा, कर्ज डोक्यावर आलेला, मनानं खचलेला मुलगा गेला, आणि चर्चची घंटाही वाजली नाही, असं किती आयांनी सोसलं असेल? त्या आईनं कुठली आज्ञा मोडली होती? शास्त्र तेव्हाही तेच होतं. भग्नहृदयी लोकांच्या जवळ देव असतो, हे स्तोत्रांत तेव्हाही लिहिलेलं होतं. आपण ते वाचत होतो, आणि फाटक बंद ठेवत होतो.

याच १९८३ च्या कायद्यात एकूण १७५२ कलमं आहेत. शेवटचं कलम आहे धर्मगुरूंच्या बदल्यांबद्दल. गंमत अशी की त्याच्या अगदी शेवटी लिहिलंय, आत्म्यांचं तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा. इतकी कलमं वाचून झाल्यावर, बदल्यांच्या कलमाच्या शेपटाला, सगळ्यांत मोठी गोष्ट! मी म्हणतो, हे वाक्य पहिल्या पानावर छापा आणि प्रत्येक धर्मग्रामाच्या ऑफिसात टांगा.

आता तिसरा मुद्दा. इथं पास्टर साहेबांनी सावरून बसावं.

आपल्या मीरा रोड-भाईंदरमध्ये अनेक प्रार्थनागट आहेत, फ्लॅटमध्ये, दुकानाच्या गाळ्यात, भाड्याच्या हॉलमध्ये. आपल्यातले काही तिकडे गेले. का गेले, हे आपण कॅथलिकांनी मान खाली घालून विचारायला हवं. तिथं त्यांच्या हातात बायबल दिलं गेलं, आजारपणात कुणी घरी आलं, नाव घेऊन कुणी प्रार्थना केली. हे मान्य. पण त्यांचं म्हणणं असतं, आम्ही माणसांचे नियम मानत नाही, फक्त पुस्तक. इथं मी थांबतो.

पुस्तकात कुठली पुस्तकं घ्यायची, हे कुणी ठरवलं? नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आपण आज मानतो तीच यादी ३६७ मध्ये अथनासियस या बिशपाच्या पत्रात दिसते. पुढे ३९७ ला कार्थेजच्या सभेत यादी झाली. बिशप, सभा, चर्चा. म्हणजे परंपरेनंच पुस्तक आपल्या हातात ठेवलं. आज कॅथलिकांच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंटांच्या सहासष्ट. अनुक्रमणिका काही आकाशातून पडलेली नाही.

बरं, पुस्तकात जे लिहिलंय ते तरी आपण सगळं पाळतो का? प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी ठरवलं, परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही. फक्त काही गोष्टी टाळा, त्यात रक्त खाऊ नका, हेही होतं. जुन्या रीतीनं केलेलं सोरपोतेल ज्यांच्या घरी नाताळात शिजतं त्यांनी हात वर करू नका. (हशा) डुकराचं रक्त घातल्याशिवाय त्याला चव येत नाही, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक. प्रेषितांचा लेखी ठराव, शास्त्रात छापलेला, आणि आपण तो निवांतपणे पावाला लावून खातो. बाईनं डोकं झाकून प्रार्थना करावी, हे पौलानं लिहिलंय. किती मंडळ्या हे पाळतात? तेव्हा ‘लिहिलंय म्हणून पाळतो’ हे कुणाचंच संपूर्ण खरं नाही. आपण सगळे निवड करतो. निवड कशावरून करतो, ते सांगायचं धाडस हवं.

आणि नियम नकोत म्हणणाऱ्यांकडे नवे नियम यायला वेळ लागत नाही. सोनं घालू नका, टिकली लावू नका, मंगळसूत्र काढा, सिनेमा नको. एका नियमाच्या जाचातून सुटलेली बाई दुसऱ्या नियमाच्या दाराशी उभी. बघा, बऱ्याचदा काढायचं ते बाईनंच काढायचं असतं.

या बाबतीत माझ्या आदर्श पंडिता रमाबाई आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोकांना वाटलं, आता या निमूट होतील. पण ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. हे तत्त्व बायबलमध्ये कुठं आहे, दाखवा. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाही? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान काढून घेतली, ती लगेच दुसऱ्या जोखडात का घालू? पंचविशीतली विधवा, परका देश, आश्रित अवस्था, आणि हा ताठ कणा!

पण रमाबाई वाद घालून थांबल्या नाहीत. वचन श्रेष्ठ म्हणता ना, मग ते मुळातून वाचलं पाहिजे. केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल भाषांतरित केलं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी टाइप जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. ‘फक्त शास्त्र’ म्हणायचं तर इतकी किंमत मोजावी लागते. मोबाइलवर आलेली एक ओळ पुढं ढकलून शास्त्रनिष्ठ होता येत नाही. आणि ज्या बायकांना समाजानं नियम दाखवून बाहेर काढलं, त्यांनाच रमाबाईंनी आत घेतलं. दुष्काळातल्या पोरी, विधवा, अंध बायका. त्यांचं शास्त्रवाचन तिथं जाऊन पोचलं. नारायण वामन टिळकांचंही तेच. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूचे शिष्य तिथं एकत्र बसणार होते. दाराशी नियम विचारायचा नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

आता चौथा मुद्दा. आता फादर निश्चिंत, पास्टर निश्चिंत, आणि पाळी तुमची-माझी.

उंबराचं पाणी आपल्याला किती प्रिय आहे! लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून, बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जातात आणि वधूच्या किंवा वराच्या आंघोळीचं पाणी आणतात. विहीर बुजली असली तर नळावर घागर भरतात, पण नाचतात तेवढ्याच जोरात. बायबलमध्ये आहे का हे? नाही. बंद करायचं का? मुळीच नाही! म्हाताऱ्या आत्या-मावश्यांना पुढं मान मिळतो, सगळी आळी एकत्र येते. कुणाचं काय बिघडतं?

पण थांबा. तोच बँड, तोच मंडप, तीच दारू, आणि चार दिवसांचं जेवण. नाही केलं तर ‘लोक काय म्हणतील’. ज्याची होडी गेल्या हंगामात नीट चालली नाही, तोही हेच करतो, व्याजानं पैसे काढून. इथं तीच सुंदर रीत कुर्बान होते. रीत बिघडलेली नाही. तिचा भार चुकीच्या खांद्यावर गेला आहे.

आणि जात. मी हे गुळमुळीत बोलणार नाही. एकाच भाकरीतून आपण सगळे खातो, असं दर रविवारी म्हणतो. मग मुलीसाठी स्थळ बघताना कोळी, वाडवळ, कुपारी, ईस्ट इंडियन, घाटावरचे, मद्रासी, हे प्रश्न कुठून येतात? मराठवाड्यातून आलेलं दलित ख्रिस्ती कुटुंब आपल्या बाकावर बसतं. आपल्या घरच्या टेबलावर कधी बसलं? भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण काढून जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे, असं स्पष्ट सांगितलं. पण त्याहून जुना दाखला पवित्र शास्त्रात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला. कुणाला? पेत्राला, पहिल्या पोपला! कारण? पंगत मोडली. शुक्रवारच्या मटणाची कबुली देणारे आपण, या पंगतीची कबुली कधी दिली आहे का?

बंधुभगिनींनो, आवरतो. मी काय म्हणालो? माणसांनी केले म्हणून नियम वाईट नसतात. पुकाराचा नियम बाईच्या पाठीशी उभा राहिला. जुने म्हणून नियम पवित्र नसतात. भातातल्या मिठाचा नियम जुनाच होता. पुस्तक हातात घेतलं म्हणून माणूस नियमांतून सुटत नाही. तो नवे करतो. मग कसोटी कुठली? येशूनं कुर्बानाला लावली तीच. हा नियम पाळल्यानं कुणाचं ओझं हलकं झालं, आणि कुणाच्या खांद्यावर गेलं? सबळाची सोय आणि दुबळ्याला भुर्दंड, असा हिशेब निघाला तर तो नियम कितीही अगरबत्तीच्या धुरात असो, तो माणसाचाच. आणि रीत लहान का असेना, तिनं बाहेरच्याला आत आणलं, तर ती शास्त्राच्या बाजूची.

जाता जाता एक काम सांगतो, कारण नुसतं ऐकून घरी जाणं हाही आपला एक जुना रिवाज आहे. येत्या उपवासकाळात प्रत्येक वस्तीनं, प्रत्येक प्रार्थनागटानं एक कागद घ्यावा. आपण जे जे नियम आणि रिवाज पाळतो, चर्चचे, गावचे, घरचे, ते लिहून काढावेत, आणि प्रत्येकापुढं एकच रकाना ठेवावा: याचा खर्च कोण भरतं? रकाना भरायला आधी सुनांना, विधवांना, भाडेकरूंना आणि खलाशांना बसवा. फादर, पास्टर आणि माझ्यासारखे वक्ते शेवटी. ज्या नियमापुढं दरवेळी गरिबाचंच नाव येईल, तो ईस्टरच्या आत बदला. जो तुमच्या हातात नाही, त्यासाठी बिशपांना पत्र लिहा, सह्यांनिशी.

मी चुकलो असेन तर शास्त्र उघडून मला दाखवा. फादर आणि पास्टर दोघंही इथंच आहेत, आणि प्रश्नांसाठी आयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून यावा.